दुसऱ्या रकान्यातले थेंब

१९९० सालच्या श्रावणात, कानबाईच्या सणाचा रविवार झाल्यावर दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जळगावच्या मेहरूण भागातल्या एका घराच्या मागच्या खोलीत रॉकेलचा एक जळता थेंब वाऱ्याने विझला. पुढच्या चाळीस मिनिटांत आणखी पाच विझले. त्या खोलीत बदलत्या वाऱ्यात थेंब जाळण्याचे काम एकवीस महिने चालू होते. तोपर्यंत एकही विझला नव्हता.

मी त्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मूळ गाव नशिराबाद, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो, पाळी दुपारी चारला सुरू होऊन मध्यरात्री संपे आणि त्या वेळी गावाकडे जाणारी गाडी नसे. म्हणून खोली. सकाळ माझी मोकळी असायची.

मागच्या दोन खोल्यांत एक प्राध्यापक आणि त्यांच्या आई राहत. प्राध्यापक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत. गल्ली त्यांना सर म्हणे, त्यांच्या आईंना अक्का. मीही तेच म्हणू लागलो. सर तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. पीएच.डी.साठी नाव नोंदवून सात वर्षे होत आली होती. मुदत एकदा वाढवून घेतलेली होती. ती त्या वर्षी एकतीस डिसेंबरला संपणार होती आणि पुन्हा वाढणार नाही, असे विद्यापीठाने लेखी कळवले होते. त्या तारखेच्या आत प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. सरांनी ते पत्र मला वाचायला दिले होते. बातमीसाठी नव्हे, त्यातल्या एका वाक्याचा दुसरा काही अर्थ निघतो का, एवढेच विचारायला. निघत नव्हता.

त्यांचा विषय मला पहिल्यांदा त्यांनी असा सांगितला. सरांचे गाव सोनगीरजवळ. वडिलांच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते आणि ते काळा धूर सोडायचे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले तेल. इंजिनात तेल धारेने जळत नाही, फवाऱ्याने जळते. फवारा म्हणजे असंख्य थेंब, आणि प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे पेटतो आणि जळतो. इंजिनातली हवा स्थिर नसते, क्षणाक्षणाला तिचा जोर बदलतो. अशा हवेत एक थेंब कसा जळतो हे नीट कळले तर सगळ्या फवाऱ्याचा हिशेब मांडता येईल. सरांना एका थेंबाचे गणित मांडायचे होते.

वारा नसताना ते सोपे होते. ज्वाला थेंबाभोवती गोल आवरणासारखी असते आणि थेंबाच्या व्यासाचा वर्ग ठरलेल्या गतीने कमी होत जातो. वारा सुटला की आवरण मागे ओढले जाते. जोर वाढवत नेला तर एका टप्प्याला ज्वाला थेंबाला सोडते आणि तेल तसेच राहते. वारा झोतांनी येत असेल तर दोन झोतांच्या मध्ये ज्वालेला पुन्हा थेंबाभोवती यायला थोडा वेळ मिळतो. ती सावरली तर थेंब शेवटपर्यंत जळतो. सावरायच्या आत पुढचा झोत आला तर विझतो. सरांच्या गणिताचे सगळे सार या दोन वाक्यांत होते. किती जोराच्या आणि किती अंतराने येणाऱ्या झोतांत थेंब विझेल, हे त्यांचे गणित आकड्यांत सांगत होते.

गणित महाविद्यालयातल्या संगणकावर चाले. संगणक एकच होता, थंड खोलीत ठेवलेला. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. एका थेंबाचे चार सेकंदांचे आयुष्य काढायला त्याला पाऊण तास लागायचा. दोन्ही कडांना भोके असलेल्या लांबलचक कागदावर आकडे छापून येत. काम झाले की ते कागद अक्का घेत. अक्का गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायच्या आणि कापड बेतायच्या कागदी नमुन्यांसाठी माझ्या दैनिकाचे जुने अंक त्यांना फार पातळ वाटत.

गणित खरे की खोटे हे पाहायला थेंब जाळणे भाग होते. महाविद्यालयात त्यासाठी जागा मिळाली नाही, म्हणून मागची खोली. मांडणी अशी होती. पत्र्याची हातभर रुंद नळी. एका तोंडाशी जीपचा पंखा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा, म्हणून त्याचा जोर सारखा. नळीच्या मध्यावर पत्र्याची झडप. ती उघडली की झोत, मिटली की शांत. दुसऱ्या तोंडाशी काचेचा केसासारखा तंतू, त्याच्या टोकाला इंजेक्शनच्या सुईने ठेवलेला मोहरीएवढा थेंब. तापलेल्या तारेने तो पेटवायचा. सर भिंगाच्या नळीतून थेंबाचे माप घेत. दर थेंबानंतर तंतू कापसाच्या बोळ्याने पुसायचा.

सुरुवातीला झडपेला लहान मोटर जोडली होती. ती बॅटरीवर चालणारी नव्हती, घरातल्या विजेवर चाले, आणि विजेचा दाब खाली-वर झाला की तिचा ताल बिघडे. दोन आठवड्यांचे काम त्यात वाया गेले. तेव्हा दारात पोलक्याला हुक लावत बसलेल्या अक्का म्हणाल्या, "मनी मशीनले बांध. तिले लाईट लागत नही. आनि मना पाय व्होल्टेज पाहीसन चालत नही."

सर हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शिलाई मशीनच्या चाकाला दोरी लावून झडप जोडली. पायट्याच्या एका झोक्याला झडप एकदा उघडे आणि मिटे. अक्का सेकंदाला दोन झोके द्यायच्या. मी घड्याळ लावून मोजले. दहा सेकंदांत वीस. दुसऱ्यांदा वीस. तिसऱ्यांदाही वीस. चाळीस वर्षांची शिवण त्या पायात होती.

माझे काम असे ठरले: घड्याळ पाहायचे, झोके मोजायचे, वहीत नोंद करायची. कोणी सोपवले नव्हते. एकदा चहाला गेलो असताना सरांनी घड्याळ हातात दिले आणि ते माझ्याकडेच राहिले. अक्का पायटा चालू करत. ताल बसला की सर थेंब पेटवत. थेंब संपेपर्यंत आणि नंतरही थोडा वेळ मी मोजत राही. वहीत शेवटी दोन रकाने होते. थेंब पूर्ण जळून संपला तर पहिल्यात खूण. तेल शिल्लक असताना ज्वाला गेली तर दुसऱ्यात.

दुसऱ्या रकान्यावर मी आधी 'विझला' असे लिहिले होते. झडप पूर्ण उघडी ठेवून, म्हणजे एकसारख्या वाऱ्यात, केलेल्या पहिल्या प्रयोगांत थेंब विझत, आणि सर मोठ्याने तो शब्द उच्चारून मला नोंद करायला सांगत. पायट्याचे तेव्हा काम नव्हते. अक्का स्वयंपाकघरात असत. तिसऱ्या दिवशी त्या बाहेर आल्या.

"घरमा असं बोलू नही," त्या म्हणाल्या. "सकायना पारे तं मुयीच नही."

त्यांच्या घरात दिवा शांत व्हायचा, निमायचा. दुसरा शब्द दिव्याला लावत नसत. मी वहीत रकान्यांची नावे खोडून 'पहिला' आणि 'दुसरा' केली. सरही तेव्हापासून तेच आकडे सांगू लागले.

एकसारख्या वाऱ्यातले निकाल गणिताशी जुळले. जिथे गणित विझेल म्हणे तिथे थेंब विझे. सरांनी त्याचे प्रकरण लिहून मुंबईला मार्गदर्शकांकडे पाठवले आणि ते मान्य होऊन आले. मग झडपेचे प्रयोग सुरू झाले, अक्कांच्या पायावर. तिथे मेळ बसेना. गणित म्हणे विझेल. थेंब शेवटपर्यंत जळे. ज्वाला मागे ओढली जायची, थेंबामागे निळसर टोपीसारखी उरायची, आता गेली असे वाटायचे, आणि पुन्हा थेंबाभोवती यायची. सरांनी पंख्याचा जोर वाढवला. तेल बदलले. नळी लांब केली. पहिल्या रकान्यात खुणा वाढत गेल्या. दुसरा कोरा.

सरांनी दोष गणितात शोधला. दुसरीकडे शोधायचे कारण नव्हते. झोके मोजलेले होते, वीस म्हणजे वीस. ज्वालेला सावरायला गणित देत होते त्यापेक्षा जास्त वेळ प्रत्यक्षात कुठून तरी मिळत होता. उलटा हिशेब करून त्यांनी तो वेळ काढला. तो पाव सेकंद निघाला. दर वेळी साधारण पाव सेकंद. हा पाव सेकंद गणितात बसवायला त्यांनी एक नवा गुणक घातला आणि त्याला 'सावरण्याचा गुणक' असे नाव दिले. गुणक घातला की आकडे जुळत. चौथे प्रकरण त्याच्यावर उभे राहिले, टंकलिखित झाले आणि जुलैत मुंबईला गेले.

मार्गदर्शकांचे उत्तर पंधरा दिवसांत आले. सरांनी ते दाखवले नाही; सांगितले. आकडे जुळतात हे ठीक, पण गुणक आला कुठून? ज्वालेच्या कोणत्या गुणधर्मातून? ते सांगता आले तर हा प्रबंधाचा सर्वांत मोठा भाग होईल. सांगता आले नाही तर परीक्षक याच पानावर प्रबंध परत करतील. सरांनी ते मला अगदी सपाट आवाजात सांगितले. डिसेंबरला पाच महिने होते.

श्रावणात अक्का कानबाईसाठी गावी गेल्या. घरच्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट त्यांच्याशिवाय होत नसत. मंगळवारी संध्याकाळी परत येणार होत्या. सोमवारी सकाळी सर म्हणाले, दोन दिवस मशीन बंद ठेवणे परवडत नाही, भाऊ, तुम्ही बसा पायट्यावर. मी म्हणालो, मला जमणार नाही. ते म्हणाले, जमेल तसे करा, निदान हात चालू राहतील.

मी बसलो. पायाला सवय नव्हती. ताल धरायचा म्हणून घड्याळ गुडघ्यावर ठेवले आणि काट्यावरून नजर काढली नाही. सरांनी थेंब पेटवला. मला तो दिसत नव्हता. सर म्हणाले, "थांबा."

मी थांबलो. ते भिंगातून पाहत होते.

"दुसरा," ते म्हणाले.

सहा थेंब केले. सहाही दुसऱ्या रकान्यात गेले. गणिताने, गुणक घालण्यापूर्वीच्या गणिताने, ज्या वाऱ्यात विझेल म्हटले होते त्याच वाऱ्यात.

सरांनी ते निकाल मोजणीत धरले नाहीत. माझी मोजणी कधी एकोणीस होती, कधी बावीस. तुमचा पाय कच्चा, ते म्हणाले, रागावून नाही. वेडावाकडा झोत आला तर थेंब विझणारच. मी वहीत सहा खुणा केल्या आणि त्यांच्यापुढे कंसात 'पाय कच्चा' असे लिहिले.

बुधवारी अक्का पायट्यावर बसल्या. पंखा तोच, तेल तेच. पाच थेंब केले, पाचही पहिल्या रकान्यात. सरांचा चेहरा मोकळा झाला. मी त्या सकाळी पहिल्यांदा घड्याळाकडे न पाहता अक्कांच्या पायाकडे पाहिले. एकवीस महिन्यांत ते कोणी केले नव्हते. सर भिंगात पाहत, मी काट्याकडे पाहत असे, आणि अक्का, बसायची जागाच तशी असल्याने, थेंबाकडे पाहत.

ज्वाला मागे ओढली गेली की अक्कांची टाच खाली राहत होती. फार थोडा वेळ. टाच खाली असताना झडप मिटलेली असते. मग पुढचे दोन झोके जरा भराभर येत आणि ताल पुन्हा बसे. दहा सेकंदांचे झोके वीसच भरत.

 आमच्या दैनिकात एका ठिकाणाहून कळलेली गोष्ट बातमी होत नसे. दुसरीकडून खात्री लागे. ऑफिसात मुलाखतींसाठी घेतलेला कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. तो मी सही करून घरी आणला. सरांना सांगितले, झडपेचा आवाज टेप करून ठेवू, पुढे कोणी विचारले तर पुरावा राहील. त्यांना ते पटले. गुरुवारी अक्कांच्या पायावर चार थेंब झाले आणि टेप झाले.

शुक्रवारी मी सरांना विनंती केली की आज तुम्ही पायटा मारा. माप नको, फक्त ताल टेप करायचा. अक्का आंघोळीचे पाणी तापवत होत्या. बंबात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कडकडत होत्या. थेंब मी पेटवले. सर पायट्यावरून ज्वालेकडे पाहत होते. तीन थेंब, तिन्ही शेवटपर्यंत जळले. मी त्यांच्या टाचेकडे पाहत होतो. नंतर मी स्वतः बसून दोन थेंब केले, काट्याकडे पाहत. दोन्ही विझले. तेही टेप झाले.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर मी टेप लावला. कोणता भाग कोणाचा हे सांगितले नाही. अक्का चाळणीत मेथी निवडत होत्या. खोलीत झडपेचा आवाज सुरू झाला, टक, टक, टक, टक.

अक्कांचा हात थांबला.

"आठे टाका सुटना," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, कुठे? मी टेप मागे घेतला. टक, टक, टक, मग जरासे काहीच नाही, मग टक-टक.

"हाऊ पाहा. अर्धा टाका थांबस. मंग दोन घाई घाईमा." त्यांनी बोटाने चाळणीच्या काठावर वाजवून दाखवले. "कोना पाय शे हाऊ? याले पोलकं शिवाले देऊ नका."

"तुमचा, अक्का," मी म्हणालो.

त्यांना ते खरे वाटले नाही. मी पुढचा भाग लावला. त्यातही अर्धा टाका सुटत होता. अक्कांनी तोही दाखवला. तो सरांचा होता. मग माझा लावला. तो सगळाच वाकडातिकडा होता, पण थांबत कुठेच नव्हता. अक्का पहिल्यांदा हसल्या.

"हाई भाऊनं शे. गयरं लंगडं."

सर हसले नाहीत. सेकंदाला दोन झोके, म्हणजे एका झोक्याला अर्धा सेकंद. अर्धा टाका म्हणजे अर्धा झोका, पाव सेकंद. त्यांनी हा हिशेब कागदावर केला नाही. कपाटातून चौथ्या प्रकरणाची प्रत काढून ते दारात जाऊन उभे राहिले. अक्का त्यांच्याकडे पाहत होत्या. नंतर त्यांनी मला हळू आवाजात विचारले, काही बिघडले का. मी सांगायच्या आत सर आत आले आणि त्यांच्यासमोर पाटावर बसले.

त्यांनी आवाज चढवला नाही. पायटा मध्येच का थांबतो, एवढे विचारले.

"मी कोठे थांबस?" अक्का म्हणाल्या.

"टाच खाली राहते. ज्योत जायला लागली की."

अक्कांनी मेथीच्या दोन काड्या निवडल्या. काड्या वेगळ्या ठेवल्या, पाने वेगळी.

"मंग काय," त्या म्हणाल्या, "डोयासामने इझू देवाना?"

तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्या एकाच वेळी ऐकला.

 सरांची स्वतःची टाचही थांबली होती, ते टेपवर होते, आणि त्यांना स्वतःला ते कळले नव्हते. माझी थांबली नाही, कारण मला ज्योत दिसत नव्हती. चौथे प्रकरण त्यांनी त्याच दिवशी बाजूला काढले. गुणक गेला. मूळ गणित बरोबर होते, पण ते बरोबर असल्याचा पुरावा म्हणून माझे आठ कच्चे थेंब सोडले तर काही नव्हते. सगळे प्रयोग पुन्हा करायचे होते, आणि मुदत तीच.

माझ्या पायाने ते होणार नव्हते. सरांनी पुन्हा मोटर लावून पाहिली; पहिल्याच दिवशी वीज गेली. अक्कांनी न थांबता पायटा मारायचा प्रयत्न केला. दोन दिवस केला. डोळे मिटून बसल्या, तर ताल गेला. डोळे उघडले की टाच थांबे. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी त्या सरांना म्हणाल्या की मशीन भिंतीकडे फिरव. सरांनी दोरी लांब करून मशीन फिरवली. अक्कांची पाठ थेंबाकडे झाली. रिकामा पायटा त्यांना नको होता, म्हणून त्यांनी सुईखाली कापड घेतले आणि समोरच्या घरच्या सुनेचे पोलके शिवायला लागल्या. नळीत झोत सुरू झाले.

मी मोजले, वीस. टेपवर एकही टाका सुटला नव्हता. सरांनी थेंब पेटवला, भिंगातून पाहिला, आणि माझ्याकडे पाहून दोन बोटे वर केली. मी दुसऱ्या रकान्यात खूण केली.

"जयना का?" अक्कांनी पाठमोऱ्याच विचारले.

"जळला, अक्का," सर म्हणाले.

सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे असेच चालले. सकाळी सहा ते आठ. दिवाळीचे चार दिवस सोडून रोज. मशीनवर एकामागून एक पोलकी होत होती. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायकांना इतक्या वेळेवर शिवण कधी मिळाली नव्हती. सर थेंब पेटवत, मला बोटे दाखवत. प्रत्येक थेंबानंतर अक्का विचारत, जयना का, आणि सर म्हणत, जळला. कधी ते खरे असे. बऱ्याच वेळा नसे. वहीत खरे ते होते. वही अक्का वाचत नसत. त्यांना वाचता येत नव्हते असे नाही, त्यांनी ती कधी मागितली नाही. सर तंतू पुसून बोळा बशीत टाकत. काम झाले की अक्का बशी उचलून आत नेत.

आकडे गणिताशी जुळले. गुणकाशिवाय जुळले. नवे चौथे प्रकरण नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईला गेले. मार्गदर्शकांनी दोन ठिकाणी शब्द बदलायला सांगितले. सरांनी बांधलेल्या प्रती स्वतः नेऊन विद्यापीठात दिल्या आणि पोच घेतली. पोचपावतीवर सव्वीस डिसेंबरचा शिक्का होता. पुढच्या वर्षी मौखिक परीक्षा झाली आणि पदवी मिळाली. त्यानंतर सरांना धुळ्याच्या महाविद्यालयात जागा मिळाली आणि मागच्या खोल्या रिकाम्या झाल्या.

१९९४ च्या मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने मी धुळ्याला गेलो होतो. दुपारी त्यांच्या घरी जेवलो. शिलाई मशीन खिडकीपाशी होती, चाकावर दोरी घासल्याचा चरा अजून दिसत होता. सरांनी प्रबंधाची प्रत दाखवली. साधनांच्या वर्णनात एक वाक्य असे होते की झडप पायट्याने चालवली असून चालवणारी व्यक्ती ज्वालेकडे पाठ करून बसवली होती. कारण दिलेले नव्हते. परीक्षकांनी त्यावर विचारले का, असे मी विचारले. सर म्हणाले, एकाने विचारले. त्यांनी कारण सांगितले. परीक्षकांनी ऐकून घेतले आणि पुढचे पान उलटले.

अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची दुसरी भाकरी वाढायला आल्या. सर त्यांना म्हणाले की तुला आता एक सांगायला हरकत नाही. त्या वेळी मी जळला म्हणायचो, ते सगळे जळत नव्हते.

"माले मालूम शे," अक्का म्हणाल्या. "बोये वले राहेत. मी काय येडी शे?"

पूर्ण जळलेल्या थेंबानंतर पुसायला तेल उरत नाही. बोळा कोरडा, काजळीने काळा होतो. विझलेल्या थेंबाचा बोळा ओला होतो. हे सरांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितले होते. बशी रोज अक्का उचलत.

सरांनी विचारले की मग तू रोज विचारायचीस कशाला.  अक्कांनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

"बठ्ठा बोये मी बंबमा टाकेत," त्या म्हणाल्या. "त्याच येळे. तू आंघोय करे त्या पानीखाल. एक बी अर्धा राह्यना नही."

संध्याकाळच्या एस.टी.ने मी जळगावला परत आलो. वही माझ्याकडे होती. ती काढून मी सप्टेंबर ते नोव्हेंबर १९९० ची पाने मोजली. दुसऱ्या रकान्यात दोनशे चौदा खुणा आहेत.